गुरुवारचं कार्ड

‘ऑन’ म्हणजे ‘वर’ असं शाळेत शिकवतात, आणि तिथेच पोरांचं वाटोळं होतं. चित्र भिंतीवर असतं, कबूल. पण अंगठी बोटात, कुत्रा साखळीला आणि सुट्टी रविवारी. इंग्रजीला मात्र सगळीकडे एकच ‘ऑन’ पुरतो. शब्दकोशाच्या कचेरीतल्या ताईंनी या एवढ्याशा शब्दापायी अकरा महिने डोळे फोडले होते. एका अर्थाला एक कार्ड, कार्डावर एक वाक्य आणि कोपऱ्यात लिहिणाऱ्याची सही, अशी तिथली पद्धत.

आज छपाईआधी तपासायचं शेवटचं मुद्रित आलं. ‘ऑन’च्या नोंदीखाली नाव मुख्य संपादकसाहेबांचं होतं. ताईंनी कार्डांचा खण उघडला, तर एकूण एक कार्डाचा सहीचा कोपरा कातरलेला. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खण तसाच उचलून त्या साहेबांच्या खोलीत शिरल्या. छापखान्याचा माणूस मुद्रित न्यायला तिथेच उभा होता.

“कोपरे खणात अडकत होते हो,” साहेब म्हणाले. “आणि अक्षर तुमचं असलं तरी मजकूर माझाच ना? मी सांगत होतो, तुम्ही उतरवून घेत होता.”

चोर तो चोर, वर शिरजोर! ताईंनी एक कार्ड काढून टेबलावर आपटलं. “वाचा. मोठ्याने.”

साहेबांनी चष्मा लावला. “‘ऑन’, वाराच्या नावाआधी येणारा. ‘माय फादर डाइड ऑन अ थर्सडे.’ माझे वडील गुरुवारी गेले.”

“तुमचे गेले? सकाळी तर फोनवर त्यांच्याशी भांडत होता.”

साहेबांनी चष्मा काढून ठेवला.

“माझे गेले. दोनदा रजा मागायला आले होते मी इथे. ‘आधी ऑन संपवा, मग जा,’ म्हणालात. शुक्रवारी पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं. परत येऊन हे कार्ड लिहिलं. हे तुम्ही सांगितलंत मला?”

साहेबांनी घसा खाकरला. क्षणभर ताईंना वाटलं, माणसाला लाज वाटली असावी.

“बरं, तुम्हाला त्रास होत असेल तर,” लाल पेन उचलत ते हळूच म्हणाले, “वाक्य बदलू आपण.”

ताईंनी त्यांच्या हातातलं लाल पेन हिसकावलं, टेबलावरच्या मुद्रितातलं त्यांचं नाव कागद फाटेस्तोवर खोडलं, शेजारी आपलं लिहिलं आणि कागद छापखान्याच्या माणसाच्या हातात दिला.

“वाक्य तसंच राहील,” त्या म्हणाल्या. “न्या.”