माझ्या पोटातली पितळी बया

मित्रांनो, माझ्या पोटात एक पितळी बया राहते. तिला थोरामोठ्यांशी वागायची रीत नाही. सकाळी मी विचारते, "काय गं, झाली का झोप?" उत्तर नाही. मी विचारते, "पाणी आज गार आहे, बाधतंय का?" उत्तर नाही. पण कुंडलिकनं वरचं बटण दाबायचा अवकाश, हिची टिकटिक सुरू! घरच्या थोरलीशी अबोला आणि मालकाशी मात्र दिवसभर कुजबूज. असल्या बाया मी माझ्या काळात पुष्कळ पाहिल्या आहेत.

मी कोण, ते आधी सांगते. मी भीमेवरची एक सागवानी होडी. वय विचारू नका. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगानं काहीतरी लिहिलेलं आहे, ते मला वाचता येत नाही आणि त्यावाचून माझं कधी अडलंही नाही.

टेंभुर्णीच्या पलीकडे नदीकाठी कुंडलिकच्या बापानं, कोंडीबानं, मला बांधून घेतलं. फळ्या सागाच्या, बरगड्या बाभळीच्या. फटींत कापूस ठासून वर ऊन ऊन राळ ओतली. पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा गावच्या बायकांनी माझ्या नाकाला हळदकुंकू लावलं. तेव्हापासून एक रीतच पडली. नवा दोर आला, नवं वल्हं आलं, नवी सून आली, तरी आधी माझ्या नाकाशी आणून टेकवायचं आणि मगच आत घ्यायचं. मान होता मला!

तेव्हा मी तरीची होडी होते. म्हणजे लोकांना या काठावरून त्या काठावर नेत होते. करमाळ्याच्या बाजाराच्या शेळ्या नेल्या, कमळाभवानीच्या जत्रेचे नवस नेले. कितीतरी नवऱ्या माझ्याच फळीवर बसून मुळूमुळू रडत सासरी गेल्या. कुंडलिकची बायको वच्छला त्यांतलीच एक. फरक एवढाच की ती रडली नाही. तिनं बसल्या बसल्या नवऱ्याला विचारलं होतं, "होडी तुमाला येती का वलवायला, का नुसतं बसतासा?"

एक गोष्ट मात्र माझ्या मनात अगदी आत जपलेली आहे. दिवसाची तर संपली की कोंडीबा मधल्या आडव्या फळीखाली पालथा पडायचा आणि माझ्या तळाला कान लावायचा. भीमेतला शिंगाळा मासा खाली कुरकुर करतो. ती कुरकुर पाण्यातून माझ्या लाकडात येते आणि लाकडातून माणसाच्या कानात. कुठे जाळं टाकायचं ते कोंडीबा असं ऐकून ठरवायचा. पुढे त्यानं पोराला तीच जागा दाखवली. माझ्या तळाच्या मधल्या कण्यापासून वीतभर उजवीकडे, जिथे फळीला एकही गाठ नाही. कुंडलिकचा गाल तिथे टेकला की मला वाटायचं, दुनियेत मला कोणाची बरोबरी नाही.

मग धरणाची भिंत उभी राहिली आणि पाणी चढू लागलं. गाव माळावर गेलं. तर बंद पडली, कारण पलीकडचा काठच पार दूर गेला. देवळाचा कट्टा, भिंती, चिंचा, सगळं जिथल्या तिथे पाण्याखाली गेलं. कोंडीबा त्याआधीच गेला होता, ते एक बरं झालं. कुंडलिकनं निव्वळ मासेमारी धरली. माझ्या पाठीमागे डिझेलचं इंजिन बसवलं. तो मेला दिवसभर खोकतो आणि तेल ओकतो. पण गडी माणूस आहे, कामापुरता बोलतो, माझ्या वाटेला जात नाही. त्याचा मला कधी राग आला नाही.

हाल झाले ते जाळ्यांचे. पाणी इतकं खोल झालं की ढकलायचा बांबू तळाला पोचेना. खाली काय आहे ते कळेना. शिंगाळा कुरकुरतो ते माझ्यातून ऐकू यायचं, पण चिंचेची फांदी काही कुरकुरत नाही. पहिलं जाळं एका भिंतीत अडकून फाटलं. दुसरं फाटलं तेव्हा त्याचा अर्धा भाग खालीच राहिला.

त्या दिवशी काठावर वच्छला फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, "आता घरात एकच जाळं हाय. त्ये बी फाटलं तर मी सोलापूरला इड्या वळायला जाती. तुमी मागावर बसा."

"आन होडी?" कुंडलिकनं विचारलं.

"होडीचं काय? सागाचं लाकूड हाय. चुलीत बरं पेटंल."

मित्रांनो, मी सगळं ऐकत होते. मला तोंड असतं तर मी तिला माझ्या फळीवर बसून सासरी आल्याची आठवण करून दिली असती.

कुंडलिक टेंभुर्णीला गेला आणि मायाप्पाला घेऊन आला. मायाप्पा मूळचा वळसंगचा. इंजिनं दुरुस्त करतो. समुद्राकडे मोठ्या बोटींवर काम करून आलेला. त्यानं पोत्यातून ही बया काढली. पेल्याएवढी पितळेची, खाली सपाट तोंड, वर लांब देठ, देठातून निघालेली काळी वायर. दुसऱ्या टोकाला एक डबा आणि डब्यावर घड्याळासारखी तबकडी.

मायाप्पा म्हणाला, "ही पाण्यात टिकटिक सोडती. टिकटिक तळाला लागून माघारी येती. किती खोल हाय, मधी झाड हाय का भिंत हाय, त्ये तबकडीवर तांबड्या ठिणगीनं दिसतंय."

"नवीन हाय का?" वच्छलानं विचारलं.

"न्हाय वैनी. रत्नागिरीकडं एक बोट खडकावर फुटली. तिच्या बुडातनं काढली."

ऐकलंत ना? एक घर बुडवून आलेली! आणि कुंडलिक तिला दोन्ही हातांत धरून धोतराच्या सोग्यानं पुसत होता. माझं नाक कैक दिवसांत कोणी पुसलं नव्हतं.

वच्छलाच म्हणाली, "अवं, किती पुसतासा? सवत आणली का यंत्र आणलं?"

त्या वेळी वच्छलाचे जुने सगळे गुन्हे मी माफ केले.

आता प्रश्न असा होता की हिला बसवायचं कुठे. हिचं तोंड पाण्यात हवं आणि देठ आत हवा, म्हणजे माझ्या बुडाला भोक पाडायचं! आणि भोक एकदा पाडलं की पाडलं. जागा चुकली तर ही आंधळी राहणार, शेवटचं जाळं फाटणार, आणि मी चुलीत जाणार.

मी काठावर ओंडक्यांवर ओढलेली होते, रिकामी. कुंडलिकनं रीतीप्रमाणे बयेला माझ्या नाकाशी टेकवलं. वच्छलानं नाकाखालीच कुंकवाचा टिळा लावला आणि म्हणाली, "हितंच बसवा. नवी वस्तू मानाच्या जागी."

माझ्या मानाच्या जागी! मी आतल्या आत तडतडले. कुंडलिकनं भोक पाडायचं गिरमिट उचललंसुद्धा.

"बेडा, बेडा!" मायाप्पा कानडीत ओरडला आणि त्यानं गिरमिट हातातून काढून घेतलं. "रिकाम्या होडीत जागा हुडकू नका कुंडलिकराव. कामाला निघती तशी भरा, पाण्यात घाला, मग बघू."

मग जाळं भरलं, डिझेल भरलं, वच्छला आपल्या जागी बसली. मायाप्पानं बयेला बांबूच्या टोकाला बांधलं आणि माझ्या बाजूनं पाण्यात बुडवून धरलं. आधी नाकापाशी. इंजिन जोरात निघालं तसं माझं नाक वर उचललं, कारण माझं वजन सगळं मागे. नाकाखाली पाणी फुटून फेस झाला. तबकडीवर नुसत्या ठिणग्या नाचू लागल्या.

"ह्यो कुटला तळ?" कुंडलिकनं विचारलं.

"तळ न्हाय, ही जत्रा हाय," मायाप्पा म्हणाला. "बुडबुड्यांत हिला काय बी दिसत न्हाय."

मग मागे, इंजिनाच्या पंख्यापाशी. तिथे तर फेसच फेस आणि वर इंजिनाची खडखड. मला फार बरं वाटलं. बसवा की तिथेच! तो खोकणारा आणि ही टिकटिकी, दोघं एकमेकांचं डोकं खातील. माझ्या मनात तसं आलं, ते मी लपवत नाही. हिला काहीच दिसू नये, मायाप्पानं हिला पोत्यात भरून माघारी न्यावं, असं मला वाटत होतं. आणि मग चुलीची आठवण व्हायची.

"कण्यावर बसवलं तर?" कुंडलिक म्हणाला.

"कण्याला भोक पाडताय व्हय? पाठ मोडून घ्याल हिची."

शेवटी मायाप्पानं बांबू माझ्या मध्यापासून थोडा मागे धरला, उजव्या बाजूला, कण्याच्या जवळ जाईल असा तिरका. तिथे मी भरलेली असो की रिकामी, पाण्यातच असते. तिथे पाणी फुटत नाही, माझ्या अंगाला चिकटून गुळगुळीत निघून जातं. तबकडीवरची जत्रा थांबली. एकच ठिणगी उरली, ठळक, स्थिर.

"नोड्री!" मायाप्पा म्हणाला. "ह्यो बघा तळ."

होडी पुन्हा काठावर आली. मायाप्पा आत वाकला, वितीनं कण्यापासून मोजलं आणि खडूनं गोल काढला. गाठ नसलेली फळी. मधल्या आडव्या फळीखाली.

मित्रांनो, तीच जागा.

कुंडलिक त्या गोलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हितं नगं. हितं मी कान लावतो. आबा बी हितंच लावायचे."

त्या क्षणी मी जगातली सगळ्यात सुखी होडी होते. पण वच्छला बाहेरून म्हणाली, "कान लावूनच दोन जाळी फाडलीसा की!"

मग कुंडलिकनं जागेवरून तळवा फिरवला आणि म्हणाला, "मार."

गिरमिट माझ्यात शिरलं. दुखलं का, म्हणून विचाराल. लाकडाला लाकडाएवढं दुखतं. मला झोंबलं ते वेगळंच. पटाशीनं भोक वाढवलं, कानशीनं गोल केलं. माझं बूड तिथे उतरतं आहे, बया तिरकी बसली असती. म्हणून तिच्या तोंडाभोवती लाकडाचा तिरका ठोकळा लागणार होता. लाकूड कुठून आणायचं? कुंडलिकनं कोंडीबाची बसायची जुनी फळी काढली. त्या फळीचा ठोकळा कोरला, फटींत लुकण भरलं, देठावर पेच चढवला.

"लई आवळू नका," मायाप्पा म्हणाला. "लाकूड पाण्यात फुगतंय. ते आपलं आपण घट्ट धरंल."

घट्ट धरायचं कोणी? मी! तेही हिला!

दुसऱ्या दिवशी शेवटचं जाळं घेऊन आम्ही निघालो. कुंडलिक पेचाभोवती बोट फिरवून ओल बघायचा आणि तबकडीकडे बघायचा. जुन्या गावावर आलो. शिंगाळे माझ्या फळीला स्पष्ट कुरकुरत होते. मी ते सांगत होते, पण ऐकायला कान कुठे होता? कुंडलिकनं जाळं उचललं. एवढ्यात तबकडीवर तळाच्या ठिणगीच्या वर दुसऱ्या बारीक बारीक ठिणग्या थरथरू लागल्या.

"थांबा!" वच्छला म्हणाली. "ह्ये काय हाय?"

कुंडलिकनं आजूबाजूच्या डोंगरांकडे बघून जागा ओळखली. "पाराची चिंच," तो हळूच म्हणाला.

वच्छला पाण्याकडे वाकली. "माझी वरात तिच्याखालीच थांबली हुती," ती म्हणाली. मग लगेच डोळे पुसून, "बघत काय बसलाय? फुडं चला. फुडं टरबुजं लावायचे ती वाळू हाय, तितं काय अडकत न्हाय."

वाळूवर जाळं पडलं आणि अख्खं वर आलं, शिंगाळ्यांसकट. कुंडलिकनं आनंदानं थाप मारली, ती त्या डब्यावर. माझ्यावर नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस मी हिच्याशी बोलले नाही. मग मीच बोलू लागले, तर ही बोलेना.

परवाची गोष्ट. दुपारी कुंडलिकनं इंजिन बंद केलं, डबाही बंद केला. भाकरी खाल्ली. आणि जुन्या सवयीनं मधल्या फळीखाली पालथा पडला. पेच गालाला टोचला तसा ओरडला, "आगाई गं!" वच्छला मोठ्यानं हसली. तोही हसला. पण उठला नाही. सरकला, वीतभर बाजूला झाला आणि माझ्या फळीला कान लावला. खाली शिंगाळे होते. त्यानं डोळे मिटले.

"कुरकुरत्यात," तो म्हणाला. "वच्छे, लई हायत."

ते ऐकताना माझ्या लक्षात आलं की बयेच्या भोवतीचा ठोकळा फुगून गच्च बसला आहे. थेंबभर पाणी आत येत नाही. मी तिला धरून ठेवलं आहे, मला न विचारता, माझ्याच लाकडानं.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी होडी असेल तर एवढं करा. ओढताना ओंडका बयेच्या तोंडाखाली येऊ देऊ नका, तिच्यावरचं शेवाळ फडक्यानं पुसा, खरवडू नका. आणि नव्या वस्तूला पुसून झालं की त्याच फडक्यानं जुनीचं नाकही पुसा. फडकं काही झिजत नाही.

आणि हिला जे सांगायचं ते आज मी हिच्या तोंडावर सांगितलं. तुम्हीही ऐका.

"ए बये, टिकटिक थांबव आणि ऐक. तुझी आधीची होडी खडकावर फुटली, ते मी तुला टोचून बोलले. आता नाही बोलणार. तू बसली आहेस ती कोंडीबाच्या फळीवर, नीट बस. चिंच तू दाखव, भिंत तू दाखव, डब्यावरची थापही तूच घे. मी तुला सोडत नाही. पण कुंडलिकचा कान माझा आहे. त्यात वाटेकरी नको."

तिनं टिक केलं. एकदाच.