खंडेनवमीचं कुंकू लागलेला पिपेट

मी एक जुना पिपेट आहे. वीतभर लांबीचा, अंगठ्यानं दाबायचा, परभणीच्या एका प्रयोगशाळेत राहणारा. मित्रांनो, थेंबाचाही थेंब बिनचूक मोजून द्यायचा, हे माझं काम. सात वर्षांत माझं माप चुकलं नाही. आहे जरा तोरा मला, असू द्या!

शेळ्या-मेंढ्यांच्या नमुन्यांतून आम्ही आरएनए, म्हणजे रोगाच्या विषाणूची ओळख पटवणारा धागा, वेगळा काढतो. तो भारी नाजूक. उघड्या बोटाचा घाम लागला तरी त्याचा चुरा होतो. म्हणून आमच्या मनिषाताई हातमोज्यांशिवाय मला शिवत नाहीत.

यंदा दसऱ्यानंतर राणीसावरगावचे धोंडीबा आले. त्यांच्या शेळ्या पटापट मरत होत्या. गुरांच्या डॉक्टरांनी मेलेल्या शेळीचे दोन नमुने बर्फात घालून दिले होते.

"ताई, सतराच राहिल्यात. रोग कळल्याबिगर लस टोचता येत न्हाई म्हणत्यात. बघा की लवकर," ते म्हणाले आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

ताईंनी पहिल्या नमुन्यातून आरएनए काढला. तपासून बघतात तर सगळा चुरा! त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. "हा पिपेट म्हातारा झालाय. भंगारात टाका." दुसरा पिपेट घेऊन त्या उरलेल्या नमुन्याकडे वळल्या, पण टोकाला लावायच्या टिपांचा डबा तोच होता. अरे देवा, खोट त्या डब्यात आहे, हे मी सांगणार तरी कसा?

झाडलोट करणाऱ्या कस्तुराबाई दारात उभ्या होत्या. नोकरी कंत्राटी, खरं बोललं तर घरी बसायची पाळी. तरी त्या पुढं आल्या.

"म्याडम, थांबा! खंडेनवमीला मीच त्या जुन्या पिपेटला हळदीकुकू लावलं. त्या डब्यातबी बोट घालून पूजा केली, मग पुसून ठिवलं. समद्या हत्यारांची पूजा व्हते, ह्यानंच काय घोडं मारलं वो? लय मायेनं केलं. कामावरून काढायचं तर काढा."

ताईंनी हातातला नमुना खाली ठेवला. "बरं झालं बोललात, बाई. हा शेवटचाच होता."

डबा फेकला, टेबल पुसलं, मला नीट स्वच्छ केलं, नव्या टिपा काढल्या. आणि ताईंनी मलाच उचललं! या वेळी आरएनए धड निघाला, रोग कळला, आणि दुसऱ्या दिवशी धोंडीबांच्या सतराही शेळ्यांना लस मिळाली. कस्तुराबाई अजून कामावर आहेत. आता मला पुसतात, पण हातमोजे घालून.

मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण आमची रीत विचारून करा. आणि हातून चूक झालीच, तर लगेच सांगून टाका. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.