दाराकडून सुरुवात

त्या कचेरीचं कार्पेट मूळचं निळं आहे, हे आम्हाला कपाट हलवल्यावर कळलं. तोवर मी ते राखाडीच समजत होते. दारापासून चहाच्या यंत्रापर्यंत, यंत्रापासून झेरॉक्सपर्यंत आणि तिथून साहेबांच्या केबिनपर्यंत काळ्या वाटा पडल्या होत्या. इतक्या ठसठशीत, की कोण कोणाकडे उठून जातं आणि कोणाकडे कुणीच फिरकत नाही, हे नवख्या माणसालाही सांगता आलं असतं.

"वहिनी, हे धुवायचं काम नाही, नांगरायचं आहे," माझे दीर म्हणाले.

आमचे हे गुडघ्यांवर बसले, बोटांनी कार्पेटची लव फाकवली आणि तळाशी निरखून पाहिलं. मग दोन बोटांत एक धागा चोळून पाहिला.

"मळ आहे. झीज थोडीच आहे. निघेल," ते म्हणाले.

मळ आणि झीज यांतला फरक मी त्यांच्याकडूनच शिकले होते. बुटांबरोबर येणारी बारीक वाळू धाग्यात बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांखाली धागा खरवडत राहते. मळ धुऊन निघतो. खरवडलेला धागा मात्र कितीही धुतला तरी चमकत नाही, आणि लोकांना वाटतं धुणाऱ्यानेच काम अर्धवट सोडलं.

कचेरीच्या व्यवस्थापक बाई नव्याने आल्या होत्या. हसतमुख होत्या, पण बोलणं रोखठोक. "मला तर हे उखडून खाली फरशी घालावीशी वाटते. पण तुमचं नाव ऐकलंय. सुट्टीच्या दिवशी हा एक हॉल करून दाखवा. जमलं तर वरचा मजलाही तुमचाच."

बाईंना कार्पेटची काळजी होती. मला ह्यांची.

आम्ही हे काम सुरू केलं तेव्हा कार्पेट फक्त बड्या साहेबांच्या खोलीत असायचं, आणि ते धुतात हेच पुष्कळांच्या गावी नव्हतं. मशीन भाड्याने आणायचं, शिकवायला कोणी नाही. पहिल्याच कामाला भाऊजींनी साबणाचा अख्खा कॅन ओतला. जितका साबण जास्त तितकं स्वच्छ, असा त्यांचा हिशेब. त्यानंतर कितीतरी दिवस तिथले कारकून चालले की पायांखालून फेस यायचा. त्या ऑफिसात भाऊजींचं नाव फेसराव पडलं, आणि ते आमच्या घरातही राहायला आलं. हे मात्र रोज संध्याकाळी तिथे जाऊन नुसत्या पाण्याने तो साबण काढत बसायचे. काढता काढता काय चुकलं ते शिकले, आणि मग त्यांची पद्धत बसली ती बसलीच. आधी कोरडी झाडाई, मशीनने, सावकाश, उभी आणि आडवी. मग कपाटामागे कोपऱ्यात थोडं औषध लावून पांढऱ्या फडक्याने टिपून पाहायचं, रंग सुटतो का ते. मग वाटांवर फवारा. मग ब्रश. मग गरम पाणी. एकही पायरी गाळायची नाही. माझ्या हातचा चहा एक वेळ चुकला तर चालायचा, ही पद्धत चुकलेली चालायची नाही.

अशा माणसाने एका वकिलांच्या ऑफिसात अर्धी खोली साबण न काढताच सोडली. धाग्यात राहिलेला साबण चिकट असतो, तो येईल त्या बुटाचा मळ धरून ठेवतो. आठवडा झाला नाही तोच वकिलांचा फोन आला की पहिल्यापेक्षा काळं झालं आहे. "मी काढला होता साबण," हे म्हणाले. खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं आठवत होतं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं.

मग हे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागले. मग ओळखीच्या चौकात गाडी थांबवून बसून राहिले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. घरी येईपर्यंत हे ते विसरले, आणि मी आठवण करून दिली नाही.

थोरलीचा फोन आला.

"आई, बाबांना आता घरी बसव. पाण्याचं काम, विजेचं मशीन. काही झालं म्हणजे?"

"मी कशी सांगू गं?"

"तुला जमत नसेल तर मी सांगते."

"तू नको. एवढा एक हॉल होऊ दे."

"आणि मग?"

"मग बघू."

"तुझं 'मग बघू' मी लहानपणापासून ऐकतेय," ती म्हणाली. चिडली होती.

मला फार काही नको होतं. त्यांच्या हातून एक हॉल नीट पुरा व्हावा आणि थांबायचं त्यांनी आपणहून ठरवावं. 'तुम्हाला आता जमत नाही' हे वाक्य कुणाच्याच तोंडून त्यांच्या कानांवर पडू नये, माझ्या तर नाहीच नाही. म्हणून भाऊजींनी आणि मी आपसांत ठरवलं की त्यांना एकटं सोडायचं नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही खुर्च्या बाहेर काढल्या. उन्हाचे लांब पट्टे हॉलभर पसरले होते. झाडाईचं मशीन सुरू झालं तशी आत वाळू खडखडायला लागली.

"दादा, फिरवून झालं की रे," भाऊजी म्हणाले.

"उभं झालं. आता आडवं फिरव."

"मग तिरकंही फिरवू का?"

"तू तिरकाच आहेस. वेगळं फिरवायला नको."

मी हसले. किती दिवसांनी दोघांचं असं चाललं होतं. झेरॉक्सपाशी काळी पूड सांडलेली होती. भाऊजी ओलं फडकं घेऊन निघाले तर ह्यांनी त्यांचं मनगट धरलं. "पाणी लावलंस की बसली ती कायमची. आधी कोरडी ओढ." कपाटामागचं फडकं पांढरंच राहिलं, रंग सुटत नव्हता. त्यांनी वाटांवर फवारा मारला आणि तो मुरेपर्यंत खिडकीशी उभे राहिले, वाळायच्या आत ब्रशचं मशीन घेतलं. गोल ब्रशाखालून राखाडी फेस वर आला आणि त्याच्यामागे निळा रंग दिसू लागला. त्यांचे खांदे, त्यांचे हात, सगळं पूर्वीसारखं. मला वाटलं, डॉक्टरांचं काहीतरी चुकलंच असेल. माणसाला वाटतं असं.

आता गरम पाणी राहिलं होतं. लांब दांड्याच्या तोंडातून पाणी धाग्यात सोडायचं आणि त्याच ओढीत ते मळासकट परत शोषून घ्यायचं. मशीन दाराबाहेर ठेवलेलं, तिथून लांब नळी आत. भाऊजी खाली गाडीतून पंखे आणायला गेले. लिफ्ट बंद होती, एकेक पंखा जिन्याने चढवायचा होता. इतक्यात बाईंनी मला हॉलबाहेरच्या आपल्या केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीच्या गादीवर शाईचा डाग होता, तो निघेल का म्हणून. मी डाग पाहिला. मग बाई आपल्या आईविषयी बोलू लागल्या, त्यांना चालायला त्रास होतो म्हणाल्या. मला उठता येईना. मशीनचा आवाज येत होता, म्हणून भाऊजी आले असतील असं मी धरून चालले.

बाहेर आले तर भाऊजी जिन्याच्या तोंडाशी पंखा हातात घेऊन तसेच उभे होते. त्यांची नजर हॉलमध्ये होती.

कार्पेट धुणारा माणूस नेहमी पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात करतो आणि मागे मागे सरकत दाराकडे येतो. ओल्यावर पाय पडू नये म्हणून. हे कुणी शिकवावंही लागत नाही. घरात फरशी पुसणारं पोरसुद्धा तसंच करतं. आमच्या ह्यांनी दाराकडून सुरुवात केली होती. धूत धूत ते आत गेले होते आणि आता सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात, भिंतीला तोंड करून उभे होते. मधला सगळा हॉल ओला, निळा, चकचकीत. पुढे धूत जायचं तर भिंत होती.

भाऊजी हाक मारणार, तेवढ्यात मी त्यांचा दंड धरला. हाक मारली असती तर ती साऱ्या मजल्यावर ऐकू गेली असती. मी बटण दाबून मशीन बंद केलं. आवाज थांबला तसे हे वळले. त्यांनी कार्पेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कार्पेटकडे.

"अगं, मी इकडे कसा आलो?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "मीच म्हटलं ना, आज तिकडून घ्या म्हणून."

"खोटं बोलू नकोस," ते म्हणाले. "तू मला असलं काही सांगशीलच कशी?"

मी चपला काढल्या.

"येऊ नकोस. ओलं आहे."

"असू दे."

गार, जड कार्पेटवर माझी पावलं उमटत गेली. इतक्या वर्षांत ओल्या कार्पेटवरून मी पहिल्यांदा चालत होते. जवळ गेले तर त्यांचा हात दांड्यावर घट्ट आवळलेला होता. मी माझा हात त्यावर ठेवला. भाऊजींना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात ते म्हणाले, "मला कळतंय गं. बरेच दिवस कळतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला कळलं तर तू मला घरी बसवशील, असं वाटलं."

ते माझ्यापासून लपवत होते आणि मी त्यांच्यापासून. एकाच घरात, एकाच पांघरुणाखाली. मला रडू आलं, पण ते माझ्याकडे पाहत होते, म्हणून मी खिडकीकडे पाहिलं.

"वकिलांचं कार्पेट," ते म्हणाले, "ते मीच सोडलं असेल ना?"

"हो."

त्यांनी मान डोलावली. मग खाली वाकले, तळहात कार्पेटवर दाबला आणि उलटा करून पाहिला. तळव्यावरून पाणी ओघळलं.

"पाणी फार झालंय. काही ठिकाणी दोनदा सोडलंय मी. असंच राहिलं तर वाळताना तळाचा मळ वर येईल, तपकिरी डाग पडतील." आणि मग मोठ्याने, दाराकडे पाहून, "फेसराव! पाणी बंद कर. नुसती ओढ चालू ठेव."

भाऊजींनी मशीन लावलं. आम्ही दोघं त्या कोपऱ्यापासून निघालो, दाराकडे पाठ करून. ते दांडा ओढत होते, मी मागे नळी सांभाळत होते. सरळ पट्टे, एकाला एक जरासा चढवून. माझी पावलं पुसली गेली, त्यांच्या बुटांचे ठसे पुसले गेले. लव एका बाजूला झोपत गेली. ते एकदाही चुकले नाहीत, फक्त मधे एकदा थांबून म्हणाले, "दार मागेच आहे ना?" मी म्हटलं, "मागेच आहे." त्यावर पुन्हा ओढू लागले.

उंबरठ्यावर आल्यावर त्यांनी मशीन बंद केलं. हॉल सपाट निळा दिसत होता. झेरॉक्सपाशी झीज होती तेवढी एक फिकट वाट राहिली होती, बाकी काही नाही.

"दादा, वरचा मजला आपलाच बघ आता," भाऊजी म्हणाले. त्यांना गप्प राहवत नव्हतं.

"तुझा."

"माझा काय? मी पुन्हा फेस काढून ठेवीन."

कुणी हसलं नाही. ह्यांनी दांडा उचलला आणि भाऊजींच्या हातात दिला. भाऊजींनी तो घेतला, पण कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. लहान मुलाला पहिल्यांदा उचलून घेतात तसा दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"अडलं तर वहिनीला विचार," हे म्हणाले. "तिला सगळं येतं."

तेवढ्यात बाई केबिनमधून आल्या आणि दारातच थबकल्या. "अरे! हे निळं आहे?" मग ह्यांच्याकडे वळून, "कमाल केलीत. वरचा मजला कधी घेता?"

"ह्यांना विचारा," म्हणून ह्यांनी भावाकडे हात केला. धाकट्या भावाला त्यांनी आजवर अहो-जाहो केलं नव्हतं. भाऊजी भिंतीकडे वळून पंख्याची वायर सोडवू लागले. ती गुंतलेली नव्हती.

मला हवं होतं ते झालं होतं. हॉल पुरा झाला होता, त्यांनी आपणहून सोडलं होतं, कुणालाही काही सांगावं लागलं नव्हतं. आणि आता मला त्यांच्या हातात तो दांडा परत द्यावासा वाटत होता. म्हणावंसं वाटत होतं की अहो, चुकलं तर चुकलं, आपण पुन्हा धुऊ, रोज धुऊ.

मी चपला घातल्या. पाय ओलेच होते.

"पंखे मी लावतो, वहिनी," भाऊजी आमच्याकडे न बघता म्हणाले. "तुम्ही दोघं व्हा पुढे."

जिन्याशी आलो. लग्न झाल्यापासून हे नेहमी दोन पावलं पुढे चालायचे आणि मी मागून, त्यांच्या पाठीकडे बघत. रस्त्यात गर्दी असली की मी कुरकुरायचे, जरा थांबा ना म्हणून. आज ते पहिल्या पायरीशी थांबले, खाली पाहिलं, आणि बाजूला झाले.

"तू पुढे हो," म्हणाले.

मी पुढे झाले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी एकेक पायरी होईल तितकी सावकाश उतरू लागले.