चढणीच्या दिवसांतला डोंगा

मी एक जुना डोंगा आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. ते काम साहेबलोकांनी आधीच उरकलं आहे.

लांजीकडच्या खेमराजने मोहाचं जाड खोड कोरून मला घडवलं. धान, मोहफुलं, शाळेची पोरं, एकदा तर अडलेली बाळंतीण, सगळ्यांना मी नदीपार नेलं. तेव्हा माझं केवढं कौतुक व्हायचं! पुढे पूल झाला आणि मी काठावर पालथा पडलो. खेमराज गेला. आता त्याची सून अंजना तेवढी मला डांबर लावते आणि माझ्यात बसून मासे धरून घर चालवते.

यंदा वरच्या डोंगरात खाण काढायचं घाटतंय. खाणीचं घाण पाणी याच नदीत सुटणार. नदीत मासे निघाले तर परवानगी अडेल, म्हणून कंपनीने तीन साहेब पाहणीला धाडले. त्याला ते 'जंगलयात्रा' म्हणत होते. अंजना त्यांना माझ्यात बसवून निघाली. गुडघाभर पाण्यासाठी अंगात फुगीर नारिंगी जाकिटं! माझ्यात बसल्या बसल्या एकाने तर झोपही काढली. मी नुसतं लाकूड, पण मलाही त्यांची लाज वाटली.

डोहापाशी मोठे साहेब म्हणाले, "बाई, जाल डालो. मछली दिखाओ."

"आता नाही टाकत, साहेब," अंजना म्हणाली. "चढणीचे दिवस आहेत. मासे अंडे टाकाले वर चढून राह्यले. या दिवसांत आमच्या गावात कोणी जाळं भिजवत नाही."

"तो हम बोल देंगे, नदी में मछली नहीं है."

अंजनाचा चेहरा उतरला. मासे दाखवायचे तर गाभोळीने भरलेले मासे मारायचे, न दाखवावे तर नदीच जाणार. असला पेच घालणाऱ्याला लोक हुशार म्हणतात, कमाल आहे! तिचा हात जाळ्याकडे गेलासुद्धा. मग तिने तो मागे घेतला, बांबू रेटला आणि मला वरच्या उथळ, खडकाळ धारेत आणून थांबवलं.

"उतरा. इथून पुढं डोंगा घासते. पायीच जा लागते."

तिघे कुरकुरत उतरले. चार पावलं गेले नसतील, तोच धारेला चढणारे रोहू त्यांच्या नडग्यांवर थडाथड आदळू लागले. एक साहेब किंचाळत दगडावर चढला. मोठ्या साहेबांनी तर जाकिटासकट पाण्यातच बसकण मारली.

"ओरडता काहून, साहेब?" अंजनाने विचारलं. "नदीत मासे नाहीत ना?"

पुढच्या महिन्यात गावात सुनावणी आहे. साहेब तिथे काय सांगतील कोण जाणे. त्यांच्यावर माझा काडीचाही भरवसा नाही. अंजना मात्र बोलायला उभी राहणार आहे.

मित्रांनो, मला डांबर नाही लावलं तरी चालेल. मी लाकूड आहे, आज ना उद्या कुजणारच. पण नदीला जपा. आणि तिच्याविषयी तोंड उघडण्याआधी निदान एकदा तिच्या पाण्यात उतरा.