कालिरोईची लाल क्लिप

आमच्या बेटावरच्या शाळेत मी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना साहित्य शिकवते. जुन्या ग्रीक पुराणकथा जशाच्या तशा दिल्या की ती जांभया देतात, म्हणून मी त्या आजच्या करून सांगते. माझा ऑर्फियस पायरियस बंदरातल्या खानावळीत बुझुकी वाजवतो. बायको मेल्यावर तो भुयारी रेल्वेने थेट पाताळात उतरतो. तिथला राजा एखाद्या सरकारी साहेबासारखा अर्जावर अट लिहून देतो : बायको मागून येईल, पण वर पोचेपर्यंत वळून बघायचं नाही. वळलास की ती परत गेली.

"मग बाई, त्याने मोबाइलचा पुढचा कॅमेरा लावायचा ना!" मागच्या बाकावरून लेफ्तेरिस ओरडला. "वळायची गरजच नाही."

"तुझ्याएवढा हुशार असता तर तोही याच वर्गात दुसऱ्यांदा बसला असता," मी म्हटलं. वर्ग खो खो हसला.

कालिरोई तेवढी हसली नाही. "पण बाई, वळून बघितलंच नाही, तर मागे तीच आहे हे कळणार कसं?"

"विश्वास ठेवायचा," मी झटकन म्हटलं. उत्तर येत नसलं की आम्ही शिक्षक असलंच काहीतरी बोलतो.

तास संपल्यावर ती टेबलाशी घुटमळली. तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. आमच्या दफनभूमीत जागा मुठीएवढी. तीन वर्षं झाली की थडगं उघडून हाडं काढतात, वाइनने धुतात आणि नाव लिहिलेल्या पेटीत घालून चर्चमागच्या खोलीत ठेवतात.

"येत्या रविवारी आईला काढणार आहेत," ती म्हणाली. "मला बघायचंय. ती गेली तेव्हा कोणी बघू दिलं नाही, बोटीत बसवून मावशीकडे धाडलं. जाताना मी बाबांना माझी लाल क्लिप दिली होती, आईच्या केसांत लावा म्हणून. लावली असेल तर असेलच ना, बाई? प्लास्टिक कुजत नाही."

"असेल की," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिचा बाप आला. स्त्रातिस मासेमार, दारातून वाकून यावं लागेल एवढा धिप्पाड. मुलांच्या बाकावर कसाबसा बसला आणि त्याने खिशातून काढून समोर ठेवली ती लाल क्लिप.

"राहून गेली, बाई. कोटाच्या खिशातच राहिली. त्या दिवशी मला माझं नावसुद्धा आठवत नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात कोट काढला तेव्हा हाताला लागली. आता पोरीला कुठल्या तोंडाने सांगू?"

त्याने सगळं ठरवूनच ठेवलं होतं. थडगं रविवारी नाही, शनिवारी उघडायचं. माती उकरताना क्लिप हळूच आत टाकायची. "तोवर जिरेनियमच्या कुंडीत पुरून ठेवतो, जरा जुनी दिसेल. तुम्ही फक्त शनिवारी सकाळी तिला शाळेत अडकवून ठेवा."

मी नाही म्हणायला हवं होतं. माझ्या वडिलांच्या वेळी मी बघितलं होतं. तेव्हापासून वडिलांना आठवायला गेले की त्यांचा चेहरा येत नाही, कवटीच येते. पोरीच्या वाट्याला ते नको, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर तो एवढा मोठा माणूस बाकावर डोकं टेकून रडायला लागला आणि मला ते बघवेना.

शनिवारी मी आमच्या ऑर्फियसच्या नाटकाची तालीम ठेवली. ऑर्फियसचं काम कालिरोईकडेच होतं. ती पाताळातून वर यायला निघाली आणि चर्चची घंटा वाजली. ती थबकली.

"बाई, आज घंटा कसली?"

"दोरी बदलली असेल, वाजवून बघत असतील. तू पुढचं वाक्य बोल. आणि वळू नकोस."

वळू नकोस! जिभेला हाड नसतं हेच खरं.

रविवारी चर्चच्या अंगणात पेटी तयारच होती. "काल पाद्रीबाबांना सवड होती, उरकून घेतलं," आत्याने सांगितलं. ही स्त्रातिसची बहीण. तिला या कटातलं काहीच ठाऊक नव्हतं. कालिरोई आकांत करेल असं मला वाटलं होतं, पण तिने फक्त झाकण उघडलं. आत पांढरी, नीट रचलेली हाडं होती. त्यांच्यावर लाल क्लिप, त्या सकाळी दुकानातून आणल्यासारखी चकचकीत.

"किती स्वच्छ आहे," कालिरोई म्हणाली.

"मग! मीच घासली," आत्या कौतुकाने म्हणाली. "मातीत सापडली, म्हटलं पोरीची आठवण आहे. हाडांबरोबर वाइनने धुतली, स्प्रिंगसकट. बघ, गंजाचा ठिपका नाही."

स्त्रातिस आपल्या बुटांकडे बघत उभा होता. कालिरोईने क्लिप दाबली. स्प्रिंग नव्यासारखी उघडली, मिटली. तिने बापाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"छान निघाली, आत्या," ती म्हणाली. क्लिप जागेवर ठेवली, कवटीच्या कपाळावर ओठ टेकवले आणि जाऊन बापाचा हात धरला.

सोमवारी मुलांनी आपापला ऑर्फियस लिहून आणला. लेफ्तेरिसच्या ऑर्फियसकडे अर्थातच मोबाइल होता. कालिरोईच्या वहीत चारच ओळी होत्या :

"ऑर्फियसने वळून बघितलं.
मागे कोणीच नव्हतं.
वर त्याचे बाबा वाट बघत उभे होते आणि ते फार थकले होते.
म्हणून तो म्हणाला, आहे, येतेय ती."

वीसपैकी गुण द्यायचे असतात. लाल पेन हातात घेऊन मी बसून राहिले आणि ढसाढसा रडले. शेवटी गुणांच्या जागी लिहिलं, "मला माहीत होतं. माझं चुकलं."

मंगळवारी वही परत दिली. तिने ते वाचलं, वही मिटली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, मला कळलंय हे बाबांना सांगू नका हं."