कॅमेऱ्यातला मुलगा

समारांग शहरातल्या किनासीचं कामच तसं होतं. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या, इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंमधल्या चोरवाटा शोधायच्या, बनवणाऱ्यांना गुपचूप कळवायच्या आणि त्या बुजेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. आईसाठी आणलेला कॅमेरा तपासताना तिला अशीच वाट सापडली. कॅमेऱ्याच्या क्रमांकातला एक आकडा बदलला, आणि मोबाइलवर आईच्या खोलीऐवजी परक्याचं घर उघडलं.

चटईवर एक म्हातारी बसली होती. किनासी बाहेर पडणार, इतक्यात कॅमेऱ्यातून पुरुषी आवाज आला.

"आई, जेवलीस का?"

"जेवले रे. सोयाबीनचं तेंपे तळलं होतं."

"दार लावलंस? घरात अजून कोण आहे?"

"कोण असणार बाळा? एकटीच मी."

किनासीने कॅमेऱ्याच्या नोंदी तपासल्या. आवाज मालकाच्या खात्यातून आलेला नव्हता. तोही तिच्यासारखाच चोरवाटेने आत शिरला होता.

तिने कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीच्या हेंदार्तोसाहेबांना, पाक हेंदार्तोंना, फोन लावून चोरवाट सांगितली.

"ईद तोंडावर आलीय," ते म्हणाले. "आत्ता सगळं बंद केलं तर बाजार बसेल आमचा. ईद होऊ दे. तोवर मूग गिळून बसा."

"बसले असते. पण आत कुणीतरी आधीच शिरलंय, पाक."

"बघतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी किनासीने जे करायचं नसतं तेच केलं. पुन्हा त्या घरात शिरली आणि म्हातारीला आदराने 'बू' म्हणत बोलली.

"बू, घाबरू नका. तो कॅमेरा काढून टाका. तुमच्याशी बोलतो तो तुमचा मुलगा नाही."

म्हातारी दचकली नाही. कॅमेऱ्याकडे बघत राहिली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "माझा मुलगा बोटीवरून समुद्रात पडला. सापडलाच नाही. त्यानेच लावून दिला होता हा."

"मग या परक्याशी का बोलता? चोर असेल तो."

"असेल. पण दिवसाकाठी दुसरं कोण विचारतं मला? तू विचारशील, पोरी?"

हो म्हणायचं, तर किनासीला रोज असंच चोरासारखं यावं लागणार होतं. ती बाहेर पडली आणि हात धुऊन आली. तरी हातांना काहीतरी चिकटल्यासारखं वाटत राहिलं.

मग तिने हेंदार्तोंना म्हातारीची सगळी हकीकत सांगितली आणि बजावलं, "आज बंद करा, नाहीतर मी सरकारी सायबर खात्यात जाते. मी स्वतः काय केलं, तेही तिथे सांगेन."

संध्याकाळच्या आत सगळे कॅमेरे आंधळे झाले. ईदनंतर चोरवाट बुजवून ते पुन्हा सुरू झाले आणि किनासीने शोध जाहीर केला. लोकांनी वाहवा केली. ती मात्र घरात कुणी मागून हाक मारली तरी आधी कॅमेऱ्याकडे बघायची.

एके दुपारी हेंदार्तोंचा फोन आला. आवाज खोल गेला होता.

"त्या म्हातारीच्या घराच्या खात्यावर तिच्या मुलाचाच नंबर होता. सावध करायला मी स्वतः लावला. मुलगा गेलाय, म्हणून बंद असेल वाटलं होतं."

"आणि?"

"म्हातारीने उचलला. त्याचा फोन अजून चालू ठेवलाय तिने. म्हणाली, 'आज आवाज वेगळा वाटतोय रे तुझा.' कंपनीतून बोलतोय म्हणायला माझं तोंडच उघडेना."

"मग काय बोललात?"

"सर्दी झालीय म्हणालो. आणि कुणालाही दार उघडू नकोस, असं सांगितलं."