पेढ्याचं वेगळं आहे

तलावाकाठच्या बागेत कारंजं होणार होतं. ते झालं नाही, त्याच्यासाठी आणलेली खडी तेवढी ढीग होऊन राहिली. त्या ढिगावर टिटवीने चार अंडी घातली आणि धार शहरातली सकाळी फिरणारी मंडळी खूश झाली. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस चांगला, असं माळव्यात मानतात आणि मंडळींपैकी निम्म्यांची जवळच्या तिरला गावाकडे सोयाबीनची शेती होती. ढिगाजवळ जायचं नाही, हे कुणी न सांगता ठरलं. दत्ताजी तर लांबूनच हात जोडून पुढे जात.

अल्पनाताई हात जोडत नसत. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत.

"पक्षी म्हणजे हवामान खातं नव्हे, दत्ताजी."

"खरं आहे ताई. खात्याचं तरी कुठे बरोबर येतं?"

अंड्यांना धोका होता तो कुत्र्यांचा. ताईंनी स्वतः रंगवून बागेच्या दाराशी पाटी लावली : 'कुत्रे साखळीशिवाय आणू नयेत.' पहिला सापडला हर्षित. त्याचा लॅब्रॅडॉर रोज हिरवळीवर मोकळा लोळायचा. ताईंनी त्याला जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांवर छोटं व्याख्यान दिलं. हर्षितने ऐकून घेतलं आणि साखळी लावली.

"पण मॅडम, तुमचा पेढा तर खुल्लाच आहे."

"पेढ्याचं वेगळं आहे. तो कुणाला काही करत नाही."

हे वाक्य प्रत्येक कुत्रेवाला म्हणतो, हे ताईंना ठाऊक होतं. बाकीचे ते चुकीचं म्हणतात, एवढाच त्यांच्या मते फरक होता. त्यांचा हा कुत्रा तूप-पोळीवर वाढला होता आणि पालीला घाबरायचा. साखळी त्यांच्या घरात नव्हतीच. ती संस्कार कमी पडलेल्या कुत्र्यांसाठी असते, असं त्यांचं मत होतं.

रोज सकाळी ताई ढिगाशेजारच्या कठड्यावर निरीक्षणाला बसत आणि पेढा पायाशी जीभ काढून पसरे. टिटवी किंचाळत उठायची, दोघांच्या डोक्यावरून झेपा घ्यायची, मग थोड्या अंतरावर उतरून पंख मोडल्यासारखा फरफटत न्यायची. शत्रूला घरट्यापासून दूर न्यायची ही युक्ती ताई वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आल्या होत्या, पाहत होत्या प्रथमच. त्यांनी आनंदाने मोबाइलवर चित्रण केलं. या सोंगातला शत्रू कोण, हा प्रश्न परीक्षेत आला असता तर त्यांनी बरोबर उत्तराला पूर्ण गुण दिले असते.

मध्ये पेपर तपासायला त्या देवासला गेल्या. परत आल्यावर हर्षित म्हणाला, "मॅडम, तुम्ही नव्हता ना, तर टिटोडी एकदम शांत होती. आराम से बसून होती."

"बघ! तुझ्या कुत्र्याला साखळी लावल्याचा परिणाम," ताईंनी त्याचं अभिनंदन केलं. हर्षितने आधी आपल्या लॅब्रॅडॉरकडे पाहिलं, मग पेढ्याकडे.

मे महिन्यातल्या एका सकाळी ताई नेहमीपेक्षा जास्त वेळ बसून राहिल्या. कॉलेजला सुट्टी लागली होती.

"ताई, ऊन चढलं," दत्ताजींनी लांबून हाक मारली.

"तुम्ही व्हा पुढे!"

टिटवी आज ओरडली नाही. ती तलावावर गेली आणि पोटाची पिसं भिजवून आली. ताईंनी लगेच मोबाइल सुरू केला. उन्हाळ्यात टिटवी अशी ओल्या पोटाने अंडी गार करते, नाहीतर ती कवचातच शिजतात. टिटवी ढिगाकडे धावत आली, थबकली, दुसऱ्या बाजूने आली, पुन्हा थबकली. पेढ्याने शेपूट हलवली. तिच्या पोटावरून पाणी मुरमावर ठिबकत होतं. मग ठिबकायचं थांबलं. ती पुन्हा तलावावर गेली, पुन्हा भिजून आली, पुन्हा तिथेच अडली. चित्रण फार सुरेख येत होतं.

ते पाणीही वाळलं, तेव्हा कुठे ताईंनी पडद्यावरून डोळे काढले. टिटवी आणि अंडी यांच्या मध्ये पेढा होता, आणि पेढ्याच्या मागे त्या स्वतः.

"पेढ्या, चल!" त्या ताडकन उठल्या. एरवी शब्द न मोडणाऱ्या पेढ्याला वाटलं, खेळ सुरू झाला. तो थेट टिटवीच्या मागे ढिगावर चढला. ताई त्याच्यामागे खडीवर धावल्या, घसरल्या, गुडघ्यावर आपटल्या आणि अंड्यांपासून हातभर अंतरावर त्यांनी त्याचं मानगूट धरलं. मग गळ्यातली ओढणी काढून त्याला बांधला आणि दाराशी गप्पा मारत थांबलेल्या मंडळींच्या देखत आपल्याच पाटीखालून ओढत बाहेर नेला. लॅब्रॅडॉर शिस्तीत बसून हे पाहत होता.

"मॅडम, गाडीत दुसरी साखळी आहे, देऊ का?" हर्षितने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर ताई पेढ्याला घेऊन बाहेरच्या रस्त्यावरूनच फिरू लागल्या. बातमी दाराशी हर्षितकडून मिळाली.

"मॅडम, तीन बच्चे निघाले! एक अंडं मात्र तसंच पडलंय. का बरं?"

अंडं मुळात वांझ असू शकतं. एका घरट्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि तोंडाशी आल्याही होत्या.

"ऊन लागलं असेल," दत्ताजी मायेने म्हणाले.

"ऊन सगळीकडेच होतं, दत्ताजी. तिला अंड्यांवर बसू दिलं नाही ते पेढ्याने. आणि त्याला रोज तिथे नेत होते मी."

"जाऊ द्या ताई. तीन तर जगली."

पेढा दाराकडे ओढ घेत होता. त्याला आत जायचं होतं. ताईंनी साखळीचा आणखी एक वेढा मनगटाला घेतला आणि त्याला रस्त्याकडे वळवलं.